तांबी काढायला आलेल्या बाईचे आधी ऐकून घ्या

तांबी, म्हणजे मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवलेली कॉपर-टी, काढून मागणारी बाई दिसली की ‘गैरसमज असणार’, ‘सासूने कान भरले असणार’ असे आपण फार लवकर ठरवून मोकळे होतो. अफवा आहेतच; तांबी सरकत काळजापर्यंत जाते, असे सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत आणि तसे होत नाही. पण मूल हवे म्हणून ती काढणाऱ्या सोडल्या, तर बाकीच्यांच्या तक्रारीत सर्वांत आधी येतो तो वाढलेला रक्तस्राव आणि ओटीपोटातले दुखणे, आणि हा त्रास खरा आहे. तांबीमुळे पाळीतला रक्तस्राव जवळपास दीडपट होऊ शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले; अशा अंगाला तो वाढीव स्राव कसा सोसावा?

आमच्या नात्यातल्या एका वहिनींची चार दिवसांची पाळी तांबीनंतर आठ-नऊ दिवसांवर गेली. ऐन कापूस वेचणीचे दिवस, शेतात घडी बदलायला आडोसा नाही, आणि घरात शिवाशिव पाळत असल्यामुळे तेवढे दिवस चूल आणि देवघर बंद. ‘अजून किती दिवस बाहेर बसणार?’ हा सासूबाईंचा प्रश्न रोजचा झाला. दवाखान्यात विचारले, तर ‘होईल सवय’ म्हणून परत पाठवले. शेवटी दुसरीकडे पैसे मोजून त्यांनी ती काढून घेतली. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत स्राव बहुधा कमी होतो, तोवर वेदनाशामक आणि लोहाच्या गोळ्यांनी आराम पडतो, हे बसवतानाच कोणी सांगितले असते, तर कदाचित त्या थांबल्या असत्या.

हे नवे नाही. १९६५ मध्ये लूपची, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या प्लास्टिकच्या साधनाची, देशव्यापी मोहीम निघाली, उद्दिष्टे गाठण्याची घाई झाली, तक्रारी ऐकायला मात्र कोणी नव्हते, आणि काही वर्षांतच बायकांनी लूपकडे पाठ फिरवली. आता बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची सोय आहे, आणि ज्या बाईला पुन्हा दवाखान्यात येणे जमणार नाही तिच्यासाठी ती मोलाची आहे. मात्र कळांनी गळून गेलेल्या बाईकडून ऐनवेळी घेतलेल्या होकाराला मी संमती म्हणणार नाही. हे बोलणे गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळीच व्हायला हवे. अशा वेळी बसवलेली तांबी आपोआप पडण्याचा संभवही जास्त असतो, तेही तिला ठाऊक असले पाहिजे.

२०१९-२१ च्या त्याच पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती आणि तांबी वापरणाऱ्या जेमतेम २ टक्के होत्या. दहा वर्षे पुरणारे आणि हवे तेव्हा काढता येणारे साधन इतके मागे पडते, याचा दोष मी बायकांच्या अज्ञानाला देणार नाही.

तांबी काढून घेणे हा तिचा हक्क आहे, त्यासाठी नवऱ्याची परवानगी किंवा कारणाचा पुरावा मागू नये. काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते, म्हणून मूल नको असेल तर त्याच भेटीत अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या किंवा निरोध यांची माहिती देऊन तिला पटेल ते साधन हातात द्यावे. सरकारी केंद्रात ही साधने मोफत मिळतात.