टोपोग्राफिक ओशन्स: 'पाणी घातलंय' या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन. येस या ब्रिटिश रॉक बँडच्या 1973च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'मध्ये (दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच लांब रचना) चाळीस मिनिटांचा ऐवज पाणी घालून ऐंशी मिनिटांचा केलाय. ख्याल तासभर चालला तरी त्याला बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, असते, इथे नुसते तुकडे जोडलेत. आणि एका तळटीपेवर शास्त्रांचा डोलारा उभा केलाय. तुम्ही तो ठाणे-वाशी लोकलमध्ये जाता-येता ऐकलात, हेही लिहिलंत. सुरुवात तिथूनच करू.

ट्रान्सहार्बरला ठाण्याहून वाशीला साधारण अर्धा तास लागतो. वीस-बावीस मिनिटांची एक बाजू त्यात आरामात बसते, हिशेब बरोबर आहे. पण गाडीची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती नेमका बास (खालच्या सुरांची गिटार) गिळते. ख्रिस स्क्वायरचा बास इथे ताल धरण्यापुरता नाही, चौथ्या बाजूचा बराचसा भार त्याच्यावर आहे. दुसऱ्या बाजूला कीबोर्डवादक रिक वेकमनच्या मेलोट्रॉनचे (टेपवर भरलेले वाद्यांचे सूर वाजवणारा कीबोर्ड) हळूहळू चढणारे थर आहेत, तेही त्या गोंगाटात विरतात. मग आपण आवाज वाढवतो, स्टीव्ह हाऊची गिटार कानाला टोचायला लागते, आणि जे उरतं ते खरोखरच कर्कश आणि लांबण लावलेलं वाटतं. घरी, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर, एका बैठकीला एकच बाजू ऐका. चारही सलग ऐकायचा आग्रह नको.

पाणी घातल्याचं म्हणाल, तर वेकमनची तक्रार तीच होती: एका तबकडीला जास्त, दोन तबकड्यांना कमी. दौऱ्यानंतर 1974मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. त्याचं म्हणणं मला निम्मं पटतं. एलपीची एक बाजू बावीस मिनिटांच्या फार पुढे नेली की खाचा अरुंद कराव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते, खरखर वर येते. म्हणजे एका तबकडीत फार तर पाऊण तास. तासाभराचं संगीत हाती असेल तर ते कापा, नाहीतर चार बाजू भरा. मधला रस्ता त्या काळी क्वचितच कुणी घेई. भर घातल्याचं दुसऱ्या बाजूला जाणवतं, जिथे तेच ध्रुवपद फारसं न बदलता पुन्हा पुन्हा येतं. तिसऱ्या बाजूच्या पहिल्या भागातही जाणवतं. पहिल्या आणि चौथ्या बाजूला मात्र हा आक्षेप मला मान्य नाही.

ख्यालाची तुलना इथे दिशाभूल करते. बढत शोधाल तर ती सापडणार नाही, कारण इथली बांधणी धून परत येण्यावर उभी आहे. पहिल्या बाजूला मंत्रपठणासारखी सुरुवात होते, शब्द जवळजवळ एकाच सुरावर धावतात, आवाजांची संख्या वाढत जाते आणि मग मुख्य धून उघडते. तीच धून शेवटाकडे परत येते तेव्हा मधल्या वळणांमुळे तिचं वजन बदललेलं असतं. चौथ्या बाजूच्या सुरुवातीच्या वाद्यभागात आधीच्या बाजूंचे पडसाद आहेत. पुढे बास मोकळा सुटतो, त्यानंतर ॲलन व्हाइटच्या तालवाद्यांचा दणका. अनेकजण इथेच कंटाळून पुढे ढकलतात, पण ढकलू नका. तो गोंधळ सोसल्याशिवाय त्यानंतरचं शांत गाणं, 'नू सॉम द्यु सोलेय' ही फ्रेंच ओळ घेऊन येणारं, नुसतं गोड वाटतं. सोसल्यावर ते सुटकेसारखं येतं.

तळटीप खरी आहे. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली, श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र यांविषयीची. बँडचा गायक जॉन अँडरसनने 1973च्या दौऱ्यात टोकियोला ती वाचली आणि चार बाजूंना चार नावांचा आधार घेतला. शास्त्रं शिकायला कुणी हा अल्बम लावू नये. पुराणाची म्हटलेली बाजू आपल्या पुराणांपेक्षा हरवलेल्या प्राचीन संस्कृतींकडे बघते. अनेक भाषांतली सूर्याची नावं त्यात एकामागून एक पुकारली जातात. पण चार वेगळ्या वृत्ती मिळवायला या आधाराचा उपयोग झाला आहे. स्मृतीची बाजू लाटांसारखी भरते-ओसरते, तंत्राची झगडते. संगीत म्हणून एवढं मला पुरतं.

आता क्रम. आधी पहिली बाजू. तुमच्याकडे ती बावीस मिनिटांच्या पुढे दिसत असेल तर ती 2003नंतरची, सुरुवातीला दोन मिनिटांचा वातावरणनिर्मितीचा तुकडा जोडलेली आवृत्ती आहे. मूळ तबकडी थेट पठणानेच सुरू होते, पहिल्यांदा तशीच ऐकावी. दुसऱ्या दिवशी चौथी. मग दुसरी, रात्री, आवाज बेताचा ठेवून. तिसरी सर्वांत शेवटी, आणि ती सुरुवातीला जड गेली तर सरळ उत्तरार्धातल्या हाऊच्या अकूस्टिक गिटारपासून धरा. तो भाग आवडला की मागे जाऊन स्टील गिटारचा खडबडीत पूर्वार्ध ऐका. आवाज एकमेकांत मिसळल्यासारखे वाटले तर स्टीव्हन विल्सनचं 2016चं रीमिक्स (मूळ ध्वनिमुद्रणातली वाद्यं नव्याने जुळवलेली आवृत्ती) घ्या, त्यात बास आणि मेलोट्रॉन वेगवेगळे ऐकू येतात.