पाहुणे म्हणे!

आमच्या नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद: ‘टी. एस. चाणक्य’ या नौकानयन प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ जागा राखायची की बांधकामाला द्यायची. एका काकांनी निकालच लावला. ‘फ्लेमिंगो पाहुणे आहेत. इथे नाही जमलं तर दुसरीकडे जातील.’ त्याखाली अकरा अंगठे.

दुसरीकडे म्हणजे कुठे, काका?

मी राहते दक्षिण कोरियातल्या इंचॉनला, सोंगदोत. समुद्रात भराव टाकून उभं केलेलं उपनगर. इथे काळ्या डोक्याचा एक छोटासा कुरव दिसतो, साँडर्स गल. धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. वीण पिवळ्या समुद्राच्या काठाला, त्यातही बरीचशी चीनच्या खाजणांत. ओहोटीला चिखलावरून मान खाली घालून संथ उडत राहतो, मग एकदम खाली पडतो. उठतो तेव्हा चोचीत चिंबोरी नाहीतर निवटी. (निवट्यांचं कालवण! करावे गावातली एक मावशी दारावर निवट्या घेऊन यायची. इथे कुणाला सांगू?)

गंमत म्हणजे कोरियात तो घरटी करतो ताज्या, उघड्या भरावावर. बिल्डर म्हणेल, बघा, त्यालाही भराव आवडतो! पण थोड्याच वर्षांत तिथे गवत माजतं, नाहीतर क्रेन येते. आणि पोट भरायला शेवटी चिखलच लागतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर ऐकवलं की इथे उरलेल्या चिखलाला २०१४ मध्येच रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला, तुम्हाला ठाणे खाडीसाठी २०२२ उजाडलं, आणि चाणक्य अजूनही त्या हद्दीबाहेरच. इथले लोक दुर्बीण लावून गप्प उभे राहतात, कुरवांवर गाठिया उधळत नाहीत.

याच देशाने सेमानगमला ३३ किलोमीटरची भिंत घालून २००६ मध्ये अख्खी खाडी बंद केली, ते मात्र लिहिलं नाही. माझा चौदावा मजलाही भरावावरच आहे, तेही नाही. आणि सीवूड्सच्या ज्या घरात मी वाढले, ते तरी कुठे डोंगरावर होतं?

काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा खाजगी मेसेज आला: ‘बेटा, तुमचं पार्किंग रिकामंच असतं. तुम्ही काही आता येत नाही. कुणाला देऊन टाकू का?’

तीन दिवस झाले. मेसेज अजून तसाच आहे.