न्यूकॅसलचं 1997 चं विजेतेपद ‘अर्धं’ नव्हतं

ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगवर गप्पा सुरू झाल्या आणि न्यूकॅसल नाईट्सचं नाव निघालं, की एक ठरलेला दावा पुढे येतोच. थोडक्यात तो असा: ‘नाईट्स हा 1988 मध्ये वरून बसवलेला क्लब. 1997 चं विजेतेपद फुटलेल्या स्पर्धेतलं, म्हणून अर्धंच. जे मिळवलं ते एकट्या अँड्र्यू जॉन्सनं. तो गेल्यावर क्लब एका कोळसासम्राटाच्या पैशावर जगला आणि पैसा आटल्यावर संपला.’ प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, त्यामुळे ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्याला तेच सांगतो. मी या संघाचा चाहता आहे, हे आधीच सांगतो. खाली लिहिलंय ते मात्र कुणीही जुने निकाल काढून तपासून पाहावं.

हा खेळ नवा असणाऱ्यांसाठी दोन ओळी. रग्बी लीगमध्ये एका बाजूला तेरा खेळाडू असतात आणि चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, तेवढ्यात काय करायचं ते करायचं. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला टॅकल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. न्यूकॅसल हे सिडनीच्या उत्तरेला, हंटर नदीच्या मुखाशी वसलेलं शहर. कोळसा आणि पोलाद यांच्यावर ते उभं राहिलं. आसपासची कुरी कुरी, सेसनॉक, मेटलंड ही सगळी खाणींची गावं.

आता ‘1988 मध्ये बसवलेला क्लब’. नाईट्स हे नाव 1988 चं, हे खरं. त्या वर्षी ब्रिस्बेन ब्राँकोज आणि गोल्ड कोस्टचा संघ यांच्याबरोबर नाईट्सना सिडनीच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला. पण ही स्पर्धा 1908 मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी तिच्यात न्यूकॅसलचा संघ होता. 1908 आणि 1909 असे दोन हंगाम तो खेळला आणि 1910 पासून न्यूकॅसलकरांनी आपली स्वतंत्र स्थानिक स्पर्धा सुरू केली. म्हणजे सिडनीच्या स्पर्धेत न्यूकॅसलचं नाव नव्हतं, तेव्हा तिथे खेळ चालूच होता, आपल्या मैदानांवर आणि आपल्या क्लबांमध्ये. सेंट्रल न्यूकॅसल, वेस्टर्न सबर्ब्ज, कुरी कुरी, सेसनॉक ही त्या क्लबांची नावं.

एवढी वर्षं या भागानं सिडनीला खेळाडू पुरवले. त्यातलं एकच नाव सांगतो. क्लाइव्ह चर्चिल न्यूकॅसलच्या मेरीवेदर भागात जन्मला, सेंट्रल न्यूकॅसलकडून खेळला आणि 1947 मध्ये साऊथ सिडनीकडे गेला. 1981 मध्ये ‘इमॉर्टल’ हा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंचा किताब पहिल्यांदा दिला गेला, तेव्हाच्या चौघांत तो होता. ग्रँड फायनलमधल्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यातल्या, सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं पदक आजही त्याच्या नावाचं आहे. ग्रँड फायनलमधला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान एका न्यूकॅसलकराच्या नावानं दिला जातो आणि त्याच न्यूकॅसलला आपण 1988 चं पाहुणं म्हणायचं? 1988 मध्ये एवढंच झालं, की घरच्या मुलांना घर सोडून न जाता वरच्या पातळीवर खेळायची सोय झाली.

वरून बसवलेला संघ कसा असतो, हे न्यूकॅसलनं पाहिलेलंही आहे. ते पुढे येईल, कारण त्यासाठी 1997 मध्ये जावं लागतं. मला मुख्यतः बोलायचंय तेही त्याच वर्षाबद्दल.

1995 मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज लिमिटेडनं सुपर लीग नावाची वेगळी स्पर्धा उभी करायचं ठरवलं. खेळाडूंना आणि क्लबांना आधी कल्पनाही करता आली नसती असे पैसे देऊ केले गेले. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1997 मध्ये एका देशात दोन स्पर्धा झाल्या. जुन्या ऑस्ट्रेलियन रग्बी लीगमध्ये बारा संघ राहिले आणि सुपर लीगमध्ये दहा. नाईट्स जुन्या बाजूला राहिले. पॉल हॅरॅगन, मॅथ्यू आणि अँड्र्यू हे जॉन्स बंधू, सगळे तिथेच थांबले. मग सुपर लीगनं न्यूकॅसलमध्येच आपला वेगळा संघ काढला, हंटर मरीनर्स. वरून बसवलेला क्लब म्हणायचा तर तो हा. मरीनर्सचे खेळाडू वाईट नव्हते. त्या वर्षी जागतिक क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत ते गेले आणि ऑकलंडमध्ये ब्रिस्बेनकडून 36-12 असे हरले. पण शहरानं त्यांना आपलं मानलं नाही. एक हंगाम खेळून तो संघ बंद झाला. नाईट्स अजून खेळतायत.

आता ‘अर्ध्या’ विजेतेपदाकडे. ब्रिस्बेन, कॅनबेरा, कँटरबरी, क्रोनुला हे तगडे संघ पलीकडे होते, त्यांच्याशी न भिडता मिळालेला करंडक पूर्ण कसा, असा हा युक्तिवाद आहे. त्याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही मैदानावरचीच आहेत.

पहिलं उत्तर: अंतिम सामन्यात समोर कोण होतं ते पाहा. मॅनली. 1996 मध्ये स्पर्धा अजून एकच होती, वीस संघांची, आणि तिचा विजेता होता मॅनली. त्याच्या आदल्या वर्षीही मॅनलीच अंतिम सामन्यात होता. 1997 मध्ये ते साखळी फेरीत अव्वल राहिले आणि सलग तिसऱ्या ग्रँड फायनलमध्ये आले. अखंड स्पर्धेच्या शेवटच्या विजेत्याला हरवून मिळवलेला करंडक अर्धा म्हणायचा असेल, तर पूर्ण करंडक कोणाकडून मिळवायचा होता?

दुसरं उत्तर 1998 चं. दोन्ही स्पर्धा एकत्र आल्या, पुन्हा वीस संघ झाले आणि सुपर लीगमधले उरलेले संघ समोर उभे ठाकले. नाईट्स खरोखर कमकुवत स्पर्धेतले विजेते असते, तर इथे ते उघडे पडले असते. ते गुणतालिकेत दुसरे आले, ब्रिस्बेनच्या मागे. बाद फेरीत ते लवकर हरले, हे लपवायचं कारण नाही. करंडक ब्रिस्बेननं नेला आणि त्यावर त्यांचा हक्क होता. 1997 मध्ये नाईट्स आणि ब्रिस्बेन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही, मीही सांगणार नाही. पण ‘अर्धं’ हा शब्द वापरायचाच असेल तर ब्रिस्बेनच्या 1997 च्या सुपर लीग विजेतेपदालाही तोच लावावा लागेल. तसं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. शब्द नेहमी न्यूकॅसलच्याच वाट्याला येतो आणि मला सलतं ते हेच.

त्या सामन्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 28 सप्टेंबर 1997, सिडनी फुटबॉल स्टेडियम, 42,482 प्रेक्षक. मध्यंतराला मॅनली 16-8 पुढे. अँड्र्यू जॉन्स मोडलेल्या बरगड्या आणि फुप्फुसाची दुखापत घेऊन खेळत होता. उत्तरार्धात मॅनलीला एकही गुण मिळाला नाही. शेवटची काही मिनिटं उरली असताना रॉबी ओ’डेव्हिसनं सामन्यातला आपला दुसरा ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला, आणि बरोबरी झाली, 16-16. आता एक ड्रॉप गोल, म्हणजे चेंडूला टप्पा देऊन खांबांमधून मारलेली एका गुणाची किक, पुरेसा होता आणि मैदानावरच्या सगळ्यांची नजर त्याच किककडे होती. तेवढ्यात जॉन्स टॅकलच्या मागून चेंडू उचलून अरुंद बाजूनं पळाला आणि त्यानं तो आत धावत येणाऱ्या डॅरेन अल्बर्टकडे दिला. अल्बर्ट गोलखांबांच्या जवळ जाऊन पडला, तेव्हा घड्याळात जेमतेम सहा-सात सेकंद होते. अंतिम गुण 22-16.

हे सगळं कारखाना बंद पडण्याच्या दुःखामुळे फुगवून सांगितलं जातं, असंही काही जण म्हणतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीएचपी कंपनीनं न्यूकॅसलचा पोलाद कारखाना बंद करणार असल्याचं जाहीर केलं होतं. 1915 पासून चालू असलेली भट्टी, जिथे आजोबा, वडील आणि मुलगा ओळीनं कामाला लागले. 1999 च्या सप्टेंबरात ती थांबली. करंडकामुळे कोणाची नोकरी वाचली नाही आणि तसं तिथलं कोणी म्हणतही नाही. पण त्या वर्षी त्या शहराला हा सामना किती जवळचा वाटला असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तरीही माझा मुद्दा भावनेवर उभा नाही. कारखाना धडधाकट चालू असता तरी गुणफलक 22-16 च राहिला असता आणि समोर मॅनलीच असता.

‘एकट्या जॉन्सचा संघ’ या वाक्यात खरेपणा बराच आहे, म्हणून इथे मी सावध बोलतो. सेसनॉकच्या बाजूचा हा हाफबॅक, म्हणजे चाली रचणारा खेळाडू, तीन वेळा हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक जिंकला, 1998, 1999 आणि 2002 मध्ये. 2012 मध्ये तो आठवा इमॉर्टल ठरला. 2005 मध्ये तो दुखापतींनी बराच काळ बाहेर होता तेव्हा नाईट्स पहिले तेरा सामने हरले आणि हंगामाच्या शेवटी तळाला राहिले, म्हणजे इथल्या भाषेत लाकडी चमचा मिळाला. याहून मोठा पुरावा दावा करणाऱ्यांना मिळणार नाही आणि तो मी नाकारत नाही.

पण ‘एकट्या’ हा शब्द चूक आहे. 1997 च्या अंतिम सामन्यातलं क्लाइव्ह चर्चिल पदक जॉन्सला नाही, ओ’डेव्हिसला मिळालं. त्या संघाच्या पुढच्या फळीत हॅरॅगन आणि टोनी बटरफील्ड होते. त्यांनी अंगावर धडका घेतल्या नसत्या तर जॉन्सला पळायला जागा कुठून मिळाली असती?

आणि 2001 घ्या. पॅरामाटानं त्या वर्षी साखळीत सगळ्यांना धूळ चारली होती. नाईट्स तिसऱ्या क्रमांकावरून बाद फेरीत आले, प्रशिक्षक मायकेल हेगन यांचं ते पहिलंच वर्ष. रात्री खेळवलेली ती पहिली ग्रँड फायनल, 90,414 प्रेक्षकांसमोर. मध्यंतराला नाईट्स 24, पॅरामाटा शून्य. शेवट 30-24. पदक या वेळी जॉन्सला मिळालं, पण दोन ट्राय होते बिल पेडनचे, आणि बेन केनेडी त्या रात्री जसा खेळला तसा फॉरवर्ड कुठल्याही संघाला हवासा वाटेल. डॅनी ब्यूडेरस याच संघात घडत होता. 2004 मध्ये तोही डॅली एम विजेता झाला. शिवाय हे विजेतेपद अखंड स्पर्धेतलं होतं. 1997 ला अर्धं म्हणणारे 2001 विसरून जातात.

कोळसासम्राटाचा मुद्दा लवकर संपतो, कारण तारखाच तो संपवतात. खाणमालक नेथन टिंकलर यांनी 2011 मध्ये क्लब विकत घेतला. सदस्यांनी प्रचंड बहुमतानं होकार दिला होता. वेन बेनेटसारखा मातब्बर प्रशिक्षक आला. 2014 मध्ये टिंकलर यांचा डोलारा कोसळला आणि लीगला क्लब ताब्यात घ्यावा लागला. 2015, 2016, 2017 असे सलग तीन लाकडी चमचे आले. दोन्ही करंडक या पैशाच्या खूप आधीचे. त्या पैशानं क्लब उभा केला नाही, उलट तो गेल्यावर क्लबला काही वर्षं उठता आलं नाही.

उठवलं कोणी? 2017 मध्ये न्यूकॅसलच्याच वेस्टर्न सबर्ब्ज लीग्ज क्लबनं मालकी घेतली. वर ज्या स्थानिक क्लबांची नावं घेतली त्यांतल्याच एकाशी नातं असलेली ही सदस्यांची संस्था. लीग्ज क्लब म्हणजे खाणं-पिणं, गाणं-बजावणं आणि पोकर मशीन. त्या मशीनच्या उत्पन्नाबद्दल माझं मत चांगलं नाही आणि क्लबवर प्रेम असूनही ते बदललेलं नाही. पण मालकी घरात परत आली, ही गोष्ट खरी आहे.

राहता राहिलं ‘संपला’. पुरुष संघानं 2001 नंतर करंडक पाहिलेला नाही आणि 2025 मध्ये तो पुन्हा तळाला गेला. मधल्या काळात, 2023 मध्ये, कॅलिन पोंगानं डॅली एम जिंकलं आणि घरच्या मैदानावर कॅनबेराविरुद्धचा बाद सामना नाईट्सनी जादा वेळेत 30-28 असा जिंकला. त्या दिवशी तिथे 29 हजारांहून अधिक लोक होते. आणि ज्यांना ‘2001 नंतर काहीच नाही’ असं वाटतं, त्यांनी महिला संघाकडे पाहिलेलंच नाही. पहिल्या हंगामात त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. पुढच्याच हंगामात, 2022 मध्ये, त्यांनी अंतिम सामन्यात पॅरामाटाला 32-12 असं हरवलं आणि 2023 मध्ये गोल्ड कोस्टला 24-18. छातीवर तोच निळा-लाल रंग, तेच न्यूकॅसल नाईट्स हे नाव आणि सलग दोन विजेतेपदं. यातलं कुठलं अर्धं, ते दावा करणाऱ्यांनी सांगावं.