बॉटवर कमावलेली बंदूक

काल रात्री ऑनलाइन गेम खेळताना पुतण्यानं भर व्हॉइस चॅटवर माझी काढली. "काका, ती रायफल बॉट मारून मारून मिळवलीय तुमी. आमच्यात आणू नका." स्क्वाडमधली सगळी पोरं खिदळली.

आरोप खरा आहे. बॉट म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो तो खोटा गडी. मी शिरोलीला फौंड्रीत. सेकंड शिफ्ट करून, आंघोळ-जेवण उरकून बसेपर्यंत साडेबारा होतात. त्या वेळी सतरा वर्षांच्या पोरांसमोर उतरलं की वीस सेकंदांत मरायचं, परत लॉबीत. म्हणून मी सोलो, म्हणजे एकटाच बॉटसमोर खेळतो. आमच्या गेममध्ये सोलोचा आणि मल्टिप्लेअरचा एक्सपी, म्हणजे खेळून मिळणारे गुण, एकाच खात्यात पडतो, आणि त्यावरच हत्यारं उघडतात. त्या रायफलची शेवटची स्कोप उघडायला मला चार महिने लागले.

आता बॉटचं म्हणाल तर ते बिचारं गोडाऊनच्या डाव्या कोपऱ्यात, निळ्या पिंपामागं उभं असतं. रोज तिथंच. गोळी लागली की पिंपाच्या बाहेर येतं, आत जायचं सोडून. हे मी नाकारत नाही.

पण आमचे अण्णा कोल्हापुरात गंगावेशीच्या तालमीत होते. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारायचे, एकटेच. खासबाग मैदानात कुस्तीच्या हौदात उतरल्यावर "ही ताकद एकट्यानं कमावलीय, बाहेर ठेवून या" असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मैदानात भांडणं व्हायची ती जोड लावताना. पोरगेल्या पैलवानासमोर तयारीचा गडी उभा केला की पब्लिक उठायचं.

माझं म्हणणं तेवढंच आहे. सोलोची कमाई येऊ द्या, जोड नीट लावा. २०२२ च्या एल्डन रिंग या गेममध्ये एकट्यानं वाढवलेलं कॅरेक्टरच दुसऱ्याच्या जगात घुसतं, पण गाठ घालताना लेव्हल बघतात आणि हत्यार किती अपग्रेड केलंय तेही बघतात. तरी काही बेणी लेव्हल मुद्दाम खाली ठेवून भारी सामान घेऊन नवख्यांना धुतातच. वजन चोरणारे कुस्तीतही असतात की!

एक गोष्ट मात्र मान्य. सोलोचा हिशेब खेळणाऱ्याच्याच घरात राहिला की वाट लागते. २००० साली आलेल्या डायब्लो २ या गेममध्ये आपल्या कॉम्प्युटरवर सेव्ह झालेलं कॅरेक्टर ओपन बॅटलनेटवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन खेळायच्या जागी, नेता यायचं. फाइल आपल्याच हातात, मग काय, फाइल बदलणारा एडिटर लावला की सगळे कर्णाचे अवतार. क्लोज्ड बॅटलनेटवर कॅरेक्टर कंपनीच्या सर्व्हरवर राहायचं, म्हणून तिथल्या कमाईला किंमत होती.

आणि बॅटलफिल्ड २०४२ चं काय झालं? २०२१ मध्ये गेम आला, त्यातल्या पोर्टलमध्ये आपले नियम लावून सामना उभा करता यायचा. लगेच लोकांनी बॉट भरून एक्सपीचे कारखाने काढले. कंपनीनं तिथला एक्सपीच कापला. त्यात जे निवांत, सरळ खेळत होते तेही कापले गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझ्या पुतण्याला हे सगळं सांगितलं. वर विचारलं, "तू दर सीझनला डबल एक्सपी घेतोस, तुझ्या बाबाच्या यूपीआयवरनं. ती कमाई कुठल्या तालमीतली रे?" दोन मिनिटं माईक म्यूट.

मग आला परत. म्हणाला, "बरं, रायफल ऱ्हाऊ दे. पण तुमच्या नावाफुडं पाच हजार किलचा बिल्ला लावलाय, त्यो कुणाच्या जिवावर?"

इथं मात्र मी गप्प झालो. अण्णांनी हजारो जोर मारले असतील, पण नुसत्या जोरावर गदा कुणी दिली नाही. ती हौदात समोरच्याची पाठ लावूनच मिळते. गेमवाल्यांनी हे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत, आमच्या गेममध्ये ठेवलेले नाहीत.

बिल्ला मी रात्रीच काढून टाकला. रायफल तीच आहे.