‘समजलं, मॅम’

मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये पुन्हा तोच विषय. ऑनलाइनने पोरं वाया गेली, लॉकडाउनच्या आधी म्हणे मुलं कशी बसून अभ्यास करायची. मी डबा खात होते म्हणून गप्प बसले. इथे लिहिते.

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, शिकवते, सीएचबीवर. (तासांवर पगार, आणि तो कधी येईल ते विचारू नका.) लॉकडाउनच्या आधीही शिकवत होते. तेव्हा पोरं एंड-सेमच्या आदल्या रात्री सिनिअरच्या नोट्सच्या झेरॉक्स घोकायची, आता यूट्यूबवर ‘वन शॉट’ लावतात, अख्खा धडा एकाच व्हिडिओत. रात्र तीच आहे! आणि आम्ही तरी कोण लागून गेलो होतो? अप्पा बळवंत चौकातून गाइड आणायचं आणि पेपरच्या चार दिवस आधी ते उघडायचं.

ऑनलाइनने सवयी बिघडवल्या नाहीत, होत्या तशाच उघड्या पाडल्या, असं माझं मत आहे. ज्याची बैठक होती त्याला घबाड मिळालं. ज्याची नव्हती, त्याला आपण अभ्यास केला असं वाटायची सोय झाली.

माझा एक विद्यार्थी आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिका लावलीय. रोज चार तास हेडफोन घालून बसतो, व्हिडिओ दुप्पट स्पीडला. लाप्लास ट्रान्सफॉर्म हा एम-थ्रीतला धडा ‘पूर्ण झालाय’ म्हणाला. म्हटलं, ये बोर्डवर. ई रेज टू मायनस टू टी, साइन थ्री टी. पठ्ठ्याने एसच्या जागी एस प्लस टूऐवजी एस मायनस टू लिहिलं आणि खडू हातात धरून उभा राहिला. ‘मॅम, व्हिडिओत समजलं होतं.’ खोटं बोलत नव्हता तो. खरंच समजलं होतं, दुसऱ्याने सोडवताना.

त्याच वर्गातली एक मुलगी तोच व्हिडिओ बघते. गणित फळ्यावर आलं की पॉज, मोबाइल पालथा, आधी वहीत स्वतः सोडवायचं. अडलं तरी पाच मिनिटं मोबाइल सुलटा करायचा नाही. मी तिची वही बघितली, निम्मी पानं खाडाखोडीची आहेत. वही अशीच दिसायला हवी.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. एका गटाने चारही फेऱ्या उतारा वाचण्यातच घालवल्या. दुसऱ्याने एका फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. हेच ते आमचं ‘समजलं, मॅम’!

आता आमच्या बाजूचंही बोलते. २०२०-२१ मध्ये आम्ही काय शिकवलं? काळ्या चौकोनांसमोर पीपीटी वाचून दाखवल्या, ‘आवाज येतोय का’ दिवसातून पन्नास वेळा विचारलं, वर एमसीक्यूच्या परीक्षा घेतल्या. गावाकडे रेंजसाठी गच्चीवर बसलेल्या पोरांना हजेरीवरून झापलं. मीही झापलंय. त्या काळात तपासायचंच कुणी नसल्यामुळे उत्तर शोधायची सवय लागली, सोडवायची राहून गेली.

एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन कोर्स घेणाऱ्यांचंही तेच. शिकवणारे आयआयटीचे, फुकट, अजून काय पाहिजे? दर आठवड्याला असाइनमेंट असते, तिला २५ टक्के, बाकी ७५ परीक्षेला. असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात, २५ पैकी २४ पडतात. मग परीक्षेच्या सेंटरवर माउस हातात घेतला की घाम फुटतो. आठवड्याची डेडलाइन खरं तर सवय लागावी म्हणून असते, आमच्याकडे ती कॉपी-पेस्टची वेळ झाली.

त्या कॉट बेसिसवाल्याला मी एकच सांगितलं होतं, अरे, व्हिडिओ थांबव आणि मोबाइल पालथा घाल. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. ‘मॅम, तुमच्या पद्धतीने केलं. पाचपैकी दोनच बरोबर आली. व्हिडिओ बघितला असता तर पाचही समजली असती.’