‘वीस दिवसांत ॲनाटॉमी-फिजिओलॉजी’ या संदेशाला उत्तर

परीक्षेचे फॉर्म भरून झाले की दरवर्षी एक संदेश नागपुरातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरू लागतो. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आयुर्वेद, कोणताही अभ्यासक्रम असो, मजकूर तोच असतो. या वर्षी तो मला तीन विद्यार्थिनींनी पाठवला आणि तिघींनीही खाली एकच प्रश्न लिहिला होता, ‘मॅडम, हे खरं आहे का?’ संदेशाचा सारांश असा: ॲनाटॉमी (शरीराच्या रचनेचा अभ्यास) म्हणजे निव्वळ पाठांतर आहे, त्यात समजण्यासारखे काही नाही, फिजिओलॉजी (शरीराच्या क्रियांचा अभ्यास) हा वेगळा विषय असल्याने ॲनाटॉमी पूर्ण संपल्यावरच तो हाती घ्यावा, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नांची उत्तरे चार-पाच वेळा वाचली की शेवटचे वीस दिवस पुरतात, डिसेक्शन हॉल (जिथे मृतदेहाचे विच्छेदन करून शिकतात) आणि हाडांचे संच यांत वेळ घालवू नये, व्हिडिओ पुरेसे आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी मराठीत विचार करणे पहिल्या दिवसापासून बंद करावे. मी मेडिकल चौकाजवळ या विषयाचे संध्याकाळचे वर्ग घेते, आणि या पाचही विधानांचे परिणाम माझ्यासमोरच्या बाकांवर दरवर्षी पाहते. नापास झाल्याने वर्ष वाया जाते हे दुःख आहेच; पण याच मुली उद्या वॉर्डात हाती सुई घेऊन उभ्या राहणार आहेत, म्हणून या संदेशाकडे दुर्लक्ष करणे मला पटत नाही.

पहिले विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच सर्वांत फसवे आहे. नावे पाठ करावीच लागतात. मनगटातल्या आठ हाडांची नावे किंवा क्रेनियल नर्व्हच्या, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या, बारा जोड्या कोणालाही तर्काने सापडणार नाहीत, आणि त्या लक्षात ठेवायला एखादे जुळवलेले वाक्य वापरले तर त्यात काहीच वावगे नाही. मात्र त्या वाक्यातून फक्त क्रम हाती लागतो. कोणते हाड कोणाला टेकलेले आहे, त्यावरून काय जाते आणि ते मोडले तर काय बिघडते, हे त्या वाक्यात नसते, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसल्यावर परीक्षक नेमके तेच विचारतात.

गेल्या पावसाळ्यात कुहीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला हातातल्या रेडियल नर्व्हचा मार्ग चार वेळा पाठ करूनही आठवत नव्हता. मी पुस्तक मिटायला लावले आणि दंडाचे हाड, म्हणजे ह्युमरस, तिच्या हाती दिले. हाडाच्या मधल्या भागात, मागच्या बाजूने तिरकी उतरत जाणारी एक उथळ खाच असते; डोळ्यांना ती चटकन दिसत नाही, बोटाला मात्र लागते. तिने त्या खाचेवरून दोन-तीनदा अंगठा फिरवला आणि विचारले, ‘नस इथूनच जाते का, मॅडम?’ मी म्हटले, हाड इथेच मोडले तर काय होईल ते तूच सांग. थोडा वेळ ती स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली, मग तिने मनगट खाली सोडले आणि म्हणाली, ‘मग हे वर उचलणारच नाही ना!’ रेडियल नर्व्ह मनगट आणि बोटे मागे उचलणाऱ्या स्नायूंना चेतवते, म्हणून या जागी इजा झाली की मनगट लोंबते. कोपर मात्र बहुधा सरळ करता येते, कारण ट्रायसेप्सकडे, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूकडे, जाणाऱ्या बहुतेक शाखा इजेच्या जागेच्या वरच फुटलेल्या असतात. त्याच हाडाच्या वरच्या टोकाखाली, सर्जिकल नेक म्हणतात त्या अरुंद भागाभोवती, ॲक्झिलरी नर्व्ह वळसा घालते, आणि खालच्या टोकाशी, कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून, अल्नर नर्व्ह जाते; दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या तिच्यामुळेच. हे ज्या मुलीने बोटाने अनुभवले तिला उत्तर आठवावे लागत नाही, तिला ते हाडावर दिसते.

दुसरे विधान दोन विषयांमध्ये भिंत घालते. वेळापत्रकात ते वेगळे असतील, शरीरात नाहीत. त्वचेचेच पाहा. घामाच्या ग्रंथीचे वेटोळे डर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या आतल्या थराच्या, खोल भागात असते, त्याभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते आणि वेटोळ्यापासून पृष्ठभागापर्यंत एक लांब नलिका येते. ॲनाटॉमीच्या वहीत मुली हे चित्र काढतात आणि पान उलटतात. ती नलिका एवढी लांब का, असे विचारले की फिजिओलॉजी सुरू होते: वेटोळ्यात तयार होणारा घाम जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो आणि नलिकेतून वर येताना त्यातले सोडियम व क्लोराइड शरीर परत शोषून घेते. काही दिवस उन्हात काम केल्यावर अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने हे शोषण वाढते, म्हणून सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ कमी जाते. उन्हाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात बाहेर पडलेल्याचे मात्र बरेच मीठ वाया जाते, आणि त्याने नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा मीठ घातलेले ताक पिणे का बरे, हेही तिथेच कळते.

घामाने शरीर थंड कसे होते हे समजायला नागपुरात वेगळा प्रयोग लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला असताना खिडकीतला कूलर गार हवा देतो, कारण ओल्या ताट्यांमधून जाणाऱ्या कोरड्या हवेत पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर तोही सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर चालू असूनही खोलीत चिकचिक होते. घामाचेही तसेच होते, तो येत राहतो पण वाळत नाही. रचना, क्रिया आणि बाहेरची हवा यांची ही साखळी ‘ॲनाटॉमी आधी, फिजिओलॉजी नंतर’ या क्रमाने शिकताच येत नाही, कारण तीन महिन्यांनी फिजिओलॉजीकडे येईपर्यंत ते वेटोळे विसरलेले असते. हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची (व्हेंट्रिकलची) भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड का, याचे उत्तरही डावीकडचा १२० आणि उजवीकडचा २५ मिलिमीटर (पाऱ्याचे) या दोन दाबांमध्ये आहे; दाब शिकल्याशिवाय ती जाडी म्हणजे आणखी एक पाठ करायची ओळ उरते.

तिसऱ्या विधानाबद्दल मला सर्वाधिक बोलायचे आहे, कारण कष्टाळू मुलींचे सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. जुन्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात, जरूर पाहाव्यात. कोणत्या प्रकरणाला किती वजन आहे ते त्यावरून कळते. दोष आहे तो ‘चार-पाच वेळा वाचा’ या सल्ल्यात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचून पुढे तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. संदेशातला सल्ला लोकांना खरा का वाटतो, तेही यातच दडले आहे. वाचून लगेच पुस्तक मिटले की सगळे येते असे वाटते, कारण पान ओळखीचे झालेले असते. पण ओळख पटणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली गाळणी, काढता येणे वेगळे.

शिवाय प्रश्न जसाच्या तसा येईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. ‘कार्डियाक सायकलचे (हृदयाच्या एका ठोक्याच्या आवर्तनाचे) वर्णन करा’ हा जुना प्रश्न समजा. त्याचे उत्तर पाठ असलेल्या मुलीला ‘नाडी फार वाढल्यास हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्यावर काय परिणाम होतो?’ असे विचारले की ती गोंधळते, वास्तविक उत्तर तिच्याच वहीत असते. मिनिटाला ७५ ठोके असताना एक आवर्तन ०.८ सेकंदाचे असते. त्यात व्हेंट्रिकल ०.३ सेकंद आकुंचन पावते आणि ०.५ सेकंद सैल असते. डाव्या व्हेंट्रिकलच्या स्नायूला बहुतांश रक्त या सैल काळातच मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरतो. ठोके १५० झाले की आवर्तन ०.४ सेकंदावर येते आणि ही कपात मुख्यतः सैल काळातूनच होते. म्हणजे ज्या वेळी हृदयाला जास्त रक्त हवे, नेमका त्याच वेळी ते मिळण्याचा अवधी आखडतो. आकडे तेच राहतात. ‘मग काय होईल?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय तेवढी लावून घ्यावी लागते.

चौथ्या विधानाला थोडक्यात उत्तर देता येईल. व्हिडिओ वाईट नाहीत; हॉलमध्ये जाण्याच्या आदल्या रात्री पाहिला तर त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु पडद्यावरचा हात हा कोणाचाच हात नसतो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वाकवा. पुष्कळांच्या मनगटाच्या मध्यावर पामॅरिस लाँगस या स्नायूची दोरी ठसठशीत वर येते, काहींच्या येतच नाही, आणि दोघेही अगदी निरोगी असतात. शरीरे एकसारखी नसतात हे देहदान केलेल्या माणसासमोर उभे राहून जेवढे कळते तेवढे दुसऱ्या कशाने कळत नाही, आणि त्या माणसाने स्वतःचा देह देऊ केल्यावर आपण तो तास चुकवावा हे मला अतिशय खटकते. नर्सिंग-फार्मसीच्या ज्या मुलींना डिसेक्शन मिळत नाही त्यांच्याजवळ स्वतःचे शरीर तर आहेच. कमरेत इंजेक्शन द्यायचे तर नितंबाचा वरचा बाहेरचा चतुर्थांशच का निवडायचा, हे नितंबातून पायाकडे जाणाऱ्या सायॅटिक नर्व्हचा मार्ग स्वतःच्या अंगावर बोटाने आखून पाहिल्यावर आयुष्यभर विसरत नाही.

पाचव्या विधानाने मुलींचा आत्मविश्वास जातो, म्हणून ते मला अधिक लागते. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची आहे, तेव्हा संज्ञा इंग्रजीत पक्क्या हव्यात आणि त्यांचे स्पेलिंगही बिनचूक हवे. पण दहावीपर्यंत यकृत, जठर, स्वादुपिंड, मूत्रपिंड हे शब्द वापरून जे समजले होते ते टाकून देण्याचे कारण नाही. त्यावर नवे नाव चढवायचे आहे, एवढेच. सावध राहावे लागते ते आपल्या बोलीतल्या काही शब्दांपाशी. ‘नस’ हा शब्द आपण नर्व्हला वापरतो, व्हेनलाही वापरतो आणि कधीकधी टेंडनलाही, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीलाही. त्या कुहीच्या मुलीचा निम्मा गोंधळ या एका शब्दाचा होता. म्हणून मी वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर धमनी, शीर आणि चेता हे तीन शब्द आर्टरी, व्हेन आणि नर्व्ह यांच्यासमोर लिहिते आणि ‘नस’ खोडून टाकते. उद्या गडचिरोलीहून आलेल्या सिकलसेलच्या (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाची आई ‘लहानपणी याची पाणथरी वाढली होती’ असे सांगेल, तेव्हा पाणथरी म्हणजे स्प्लीन, जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव, हे जिला ठाऊक असेल तिलाच कळेल की वारंवार रक्तपुरवठा तुटून तीच पाणथरी आता आक्रसलेली असू शकते आणि या मुलाच्या तापाकडे म्हणून अधिक काळजीने पाहावे लागेल.

ज्यांच्या हाती आज खरोखरच वीस दिवस उरले आहेत त्यांना मी रागावणार नाही. घरची कामे, रोजचा प्रवास, आजारपण, कारणे पुष्कळ असतात. त्यांनी सगळे पुस्तक पुन्हा वाचायला घेऊ नये. रोज एकच अवयव घ्यावा, त्याची रचना आणि क्रिया एकत्रच वाचावी, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर नावांसह आकृती काढावी, जे सुटले ते लाल पेनने भरावे, आणि तीच आकृती तिसऱ्या दिवशी व आठवड्याने पुन्हा न पाहता काढावी. सुरुवात हृदयापासून करावी. मला संदेश पाठवणाऱ्या तिघींनी आज रात्री काढलेल्या आकृत्या, लाल खुणांसकट, उद्या वर्गात घेऊन याव्यात.