कुत्र्याच्या मिशा न कापल्याबद्दलच्या २ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं म्हणणं असं, की सांगूनही लॅब्रॅडॉरच्या मिशा कापल्या नाहीत, त्यामुळे तो ‘अर्धवट दाढी केल्यासारखा’ दिसतो. शेजारच्या टेबलावरच्या पूडलचं तोंड मात्र गुळगुळीत करून दिलं. आणि वर पैसे पूर्ण घेतले.

पैशांचं आधी. तुमच्या पॅकेजमध्ये अंघोळ, ब्लो ड्राय, गळणारे केस काढणं, नखं आणि कान एवढं होतं आणि ते सगळं झालं. मिशांचे पैसे लावलेलेच नाहीत. त्या कापणार नाही, हे त्याला सोडायला आलेल्या तुमच्या मुलाला आम्ही तेव्हाच सांगितलं होतं.

आता मिशा. त्या अंगावरच्या केसांसारख्या नसतात. जास्त जाड आणि ताठ असतात, मुळं बरीच खोल गेलेली असतात. मुळाभोवती रक्ताने भरलेली पिशवी आणि मज्जातंतूंचं जाळं असतं. मिशीच्या टोकाला काही लागलं, नुसती हवा हलली, तरी तो धक्का मुळापर्यंत जातो आणि तिथून मेंदूला कळतो. खुद्द केसात संवेदना नसते, त्यामुळे कात्रीने कापताना कुत्र्याला दुखत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. उपटल्या तर दुखतं. कापल्यावर पुन्हा येतात, हेही खरं. पण येईपर्यंत त्याचं काय?

कुत्र्याला नाकासमोरचं, म्हणजे साधारण फूटभराच्या आतलं, स्पष्ट दिसत नाही. भांड्याची कड, सोफ्याखाली गेलेला चेंडू, अंधारात दाराची चौकट, हे त्याला वासाबरोबर मिशांनीही कळतं. डोळ्यांवरच्या लांब केसांना हलकेच बोट लावून बघा, तो लगेच डोळा मिटेल. झुडपात तोंड घालताना डोळा वाचतो तो असा. मांजर किंवा उंदीर मिशांवर जेवढा विसंबून असतो तेवढा कुत्रा नसतो, हे मान्य. तरुण, धडधाकट कुत्र्याचं त्यांच्यावाचून फार अडणार नाही.

तुमचा ११ वर्षांचा आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत निळसर झाक दिसली. मोतीबिंदू आहे की नुसती वयाची झाक, ते डॉक्टर सांगतील. आमचं ते काम नव्हे. पण नजर कमी होत चाललेल्या कुत्र्याच्या मिशा फोटोत तोंड नीटनेटकं दिसावं म्हणून कापायच्या, हे आम्ही करणार नाही. पुढच्या वेळीही नाही.

पूडलबद्दल विचारलंत ते योग्यच. पूडलच्या तोंडावरचे केस सतत वाढतात, त्यात अन्न आणि लाळ अडकते. तिथे ट्रिमर फिरवला की मिशाही जातात, त्या वेगळ्या ठेवता येत नाहीत. मालकांना हे सांगतो आणि मग त्यांच्या मर्जीने करतो. शिह त्झू या लांब केसांच्या छोट्या कुत्र्याच्या तोंडाला कात्री लावताना जमतील तेवढ्या ठेवतो. लॅब्रॅडॉरच्या तोंडावरचे केस आखूडच असतात, तिथे कापण्यासारखं मिशांशिवाय दुसरं काही नसतंच. घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये तर २०२१ पासून मिशा कापलेला घोडा उतरवता येत नाही. अपवाद फक्त पशुवैद्याने उपचारासाठी कापल्या असतील तेवढाच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. ‘गालावर गोचीड तशीच सोडली’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती गोचीड नाही. गालावर आणि हनुवटीखाली कुत्र्यांना चामखिळीसारखे छोटे उंचवटे असतात आणि त्यातून एक-दोन मिशा येतात. गोचीड समजून बरेच जण ते चिमट्याने ओढतात. कृपा करून ओढू नका. शंका असेल तर दुकानात घेऊन या, भिंगातून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत.

आणि डाव्या कानात मळ जास्त होता, वासही येत होता. बिलाच्या मागे लिहून दिलंय. डोळे दाखवायला न्याल तेव्हा तो कानही दाखवा.